उरलेले डबे संपवणं ही तुमची जबाबदारी नाही

वाचकाचं पत्र:

नमस्कार मॅडम,
मी ४३ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मागच्या महिन्यात तपासणी केली, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, ‘अजून डायबेटिस नाही, पण काठावर आहात, सांभाळा.’ दरवर्षी दिवाळीपासून गड्डा, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, उठेपर्यंत माझं वजन तीन-चार किलोनं वाढतं. सगळं काही उतरत नाही. कोजागिरीला गल्लीतल्या बायकांबरोबर तुळजापूरला चालत जाते, पण आल्यावर चालणं बंदच होतं. गड्ड्यानंतर जिम लावते, शाळेच्या परीक्षा आल्या की सुटते. यंदा गोड आणि तळलेलं पूर्ण बंद करायचं ठरवलंय, पण घरचे म्हणतात, सणासुदीला तोंड पाडून बसू नकोस. या अडीच महिन्यांसाठी मला डाएट प्लॅन द्याल का? सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. तरी त्या मार्गशीर्षातले गुरुवार धरतात आणि यात्रेत नंदीध्वजांमागे अनवाणी चालतात. मिस्टरांना बीपी आहे. त्यांच्यासाठीही काही सांगा.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, डाएट प्लॅन मी तुम्हाला देणार नाही. दिला तर तो लक्ष्मीपूजनापर्यंत टिकेल, भाऊबीजेला मोडेल आणि एकदा मोडला की ‘आता गड्डा झाल्यावरच बघू’ असं तुम्ही मनाशी म्हणाल. गोड आणि तळलेलं पूर्ण बंद करायचा तुमचा बेतही मला पटलेला नाही. करंज्या तुम्ही लाटायच्या, तुम्हीच तळायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि स्वतः एकही तोंडात घालायची नाही, हा घरच्या बाईवर अन्याय आहे. तो दुसऱ्या कुणी केला असता तर तुम्ही भांडला असता.

त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि खरोखरीच्या सणाच्या दिवसांवर खूण करा. वसुबारस ते भाऊबीज यांतले खाण्यापिण्याचे दिवस पाच धरू. तुळशीचं लग्न एक. चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबाला जात असाल तर तो एक. वेळ अमावस्या एक. घरातली, जवळची लग्नं दोन-तीन. एक हुरडा पार्टी. भोगी, संक्रांत आणि यात्रेचे मिळून चार. बेरीज सोळाच्या आसपास येते. दिवाळी ते गड्डा अडीच महिने धरले तर सण नसलेले दिवस साठेक उरतात. तुमचं वजन वाढतं ते या साठ दिवसांत, आणि सगळा दोष मात्र जातो त्या सोळांवर.

सोळा दिवस जेवा. पुरणपोळीवर तूप घ्या, लाडू खा, श्रीखंड खा. उरलेले साठ दिवस मात्र घरातलं रोजचं जेवण रोजच्यासारखंच राहिलं पाहिजे. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. ते घरात अमलात कसं आणायचं, ते आता नीट सांगते, कारण बोलायला सोपं असलं तरी सणाच्या घरात ते अवघड जातं.

आधी तुमचं वजन का उतरत नाही ते. अमेरिकेत १९५ प्रौढांवर एक अभ्यास झाला होता, २००० साली तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तिकडच्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांत लोकांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. पण ते पुढच्या वर्षभरात उतरलं नाही आणि वर्षाकाठी जी वाढ दिसली तिचा मोठा भाग याच काळातला होता. तुमची वाढ तर त्याच्या कितीतरी पट आहे. त्यातला थोडा भाग मीठ आणि मैद्याबरोबर अंगात साठलेल्या पाण्याचा असतो, तो आठ-दहा दिवसांत जातो. बाकीचा मुक्कामाला राहतो. दर गड्ड्याला एखादा किलो राहिला तरी पस्तिशीपासून पंचेचाळिशीपर्यंत दहा किलो होतात. तुमच्या रिपोर्टवरच्या ६.१ मागे हे साठत गेलेलं वजन असण्याची शक्यता मोठी आहे.

आता संध्याकाळी तुम्ही शाळेतून घरी येता ती वेळ डोळ्यांपुढे आणा. पर्स खुर्चीवर, पाय दुखताहेत, दुपारचा डबा अकराला खाल्लेला. चहाचं आधण ठेवता आणि ते उकळेपर्यंत ओट्यावरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण निघतं. एक मूठ चिवडा. चहा गाळताना दुसरी. कपाबरोबर दोन शंकरपाळ्या, कारण त्या डब्याच्या तळाला मोडून पडल्यात आणि मुलं मोडकं खात नाहीत. हे सगळं उभ्याउभ्या होतं, ताट नसतं, त्यामुळे जेवणात धरलं जात नाही. पन्नास ग्रॅम तळलेला चिवडा म्हणजे जवळपास अडीचशे कॅलरी. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी दोनशेच्या आसपास असते. म्हणजे रोज संध्याकाळी एका भाकरीपेक्षा जास्त तुम्ही ओट्यापाशी खाऊन घेता आणि रात्री जेवायला सगळ्यांबरोबर पुन्हा बसता.

याला माझ्या मते तुमच्या जिभेपेक्षा डबा जास्त कारणीभूत आहे. चार किलोचा चिवडा केला की तो कुणालातरी संपवावा लागतो. पुरुषमंडळी आणि मुलं आठ दिवसांत कंटाळतात. मग घरातली बाई ‘उरलंय, टाकवत नाही’ म्हणून तुळशीच्या लग्नानंतरही खात राहते. अन्न टाकू नये हे खरंच आहे. पण टाकायचं नाही म्हणून ते तुमच्याच पोटात गेलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून फराळ निम्मा करा. घरात पाच माणसं आहेत, त्यांतल्या दोघांना डायबेटिस आणि बीपी आहे, तिसऱ्या तुम्ही काठावर आहात. किलोभर पोह्यांचा चिवडा, दोन प्रकारचं गोड, चकली किंवा शेव यांतलं एक, एवढ्यानं दिवाळी पूर्ण होते. करंजी आवडते तर करंजी करा, अनारसे घरात कुणी खात नसेल तर परंपरा म्हणून करू नका. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी उरलेल्याच्या पिशव्या भरा. कामाला येणाऱ्या मावशींना त्यांच्या घरच्यांपुरतं ताजं असतानाच द्या, महिन्यानं खवट झालेलं देऊ नका. वॉचमनला द्या, शाळेच्या स्टाफरूममध्ये न्या. थोडं ठेवायचं असेल ते वरच्या फळीवर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओट्यावर हाताला लागेल असं काही नको.

आणि संध्याकाळच्या त्या भुकेची सोय आधीच करून ठेवा. भूक खरी आहे, तिला चुटकीसरशी दाबता येणार नाही. आपल्या सोलापुरात तर सोय घरातच असते. कडक भाकरी घ्या. ज्वारीचंच पीठ, तेलाचा थेंब नाही, महिनाभर टिकते. अर्धी कडक भाकरी मोडून वाटीभर दह्यात किंवा ताकात घाला, वर चमचाभर शेंगाची चटणी. चमचाभरच म्हणते, कारण शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. प्रथिनंही भरपूर, १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणून चटणी वाईट मुळीच नाही. पण सोलापूरकर चटणी भाजीसारखी खातो आणि घासागणिक बुडवत गेलं की तीन-चार चमचे कधी गेले कळत नाही. ताटात एकदा काढून घ्यायची आणि डबा बंद करायचा. कधी फुटाणे, कधी पेरू, थंडीत बोरं, उकडलेल्या शेंगा. शाळेतून निघण्याआधी पर्समधले मूठभर फुटाणे खाल्लेत तर घरी पोचेपर्यंत तुम्ही निम्मी लढाई जिंकलेली असेल.

भाकरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे हा समज घट्ट आहे. भाकरीनं साखर वाढत नाही, असं नसतं. ज्वारीत तंतू चांगले असतात, पोट भरल्यासारखं वाटतं, मैद्याच्या आणि पॉलिश तांदळाच्या मानानं ती कितीतरी बरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान मलाही आहे. पण ती पिष्टमय आहे आणि तीन भाकऱ्यांवर भात घेतला तर साखर वाढणारच. तुम्हाला जेवणात दीड ते दोन भाकऱ्या, मोठी वाटी भाजी, दाट वरण किंवा आमटी, कोशिंबीर आणि ताक एवढं पुरे. तुरीची, मुगाची, मटकीची एक वाटी रोज दोन्ही वेळा ताटात असू द्या. सणाच्या गडबडीत सगळ्यात आधी गळते ती डाळ आणि भाजी. ‘आज नुसती पुरी-बटाटा करते, फराळ आहेच’ असं होतं, आणि तिथून बिघडायला लागतं.

आता मनापासून आवडतं ते सांगते. सणांना घाबरून राहायचं, असं आपल्या भागात तरी कारण नाही, कारण या अडीच महिन्यांतले आपले कितीतरी पदार्थ मी एरवी औषधासारखे सांगेन असे आहेत. वेळ अमावस्येला शेतात जाता ना? भज्जी बघा. ओली तूर, वाटाणा, हरभरा, हाताला लागतील त्या पालेभाज्या, सगळं एकत्र शिजवलेलं. बरोबर बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. तेल नावापुरतं. कडब्याच्या कोपीची, म्हणजे खोपटीची, पूजा झाल्यावर मांडी घालून तुम्ही ते पोटभर जेवा, आणि जेवून बांधावरून एक फेरी मारा. मला त्यात बदल करावासा वाटत नाही. भोगीचंही तसंच. गाजर, वांगं, घेवडा, ओला हरभरा, बोरं, तिळाचा कूट घातलेली ती भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ती वर्षातून एकदाच का करायची? डिसेंबर-जानेवारीत या भाज्या मंडईत स्वस्त आणि कोवळ्या मिळतात, आठवड्यातून एकदा करा.

हुरड्याचंही सांगते, कारण हुरडा पार्टीत फसगत होते. आगटीतलं कणीस गोवऱ्यांच्या राखेतून काढून हातावर चोळून दिलं, फुंकून कोंडा उडवला आणि गरम दाणे तोंडात टाकले, तर ती चांगल्यातली चांगली गोष्ट आहे. गूळभेंडी असो की सुरती, तुम्ही एक-दोन वाट्या खा. फसगत होते ती पत्रावळीवर बाजूला मांडलेल्या शेव, रेवड्या, गूळ, साखरेचे दाणे यांची. त्यातच पाठोपाठ धपाटी, दही, भरलं वांगं, जिलेबी आणि दोन तासांनी रसाचा ग्लास. हुरडा कमी आणि बाकीचंच जास्त होतं. जाण्याआधी मनाशी ठरवा: हुरडा, शेंगाची आणि तिळाची चटणी, दही. जेवायला बसायचंच असेल तर हुरडा थोडा घ्या. दोन्ही जेवणं पूर्ण घेऊ नका. सासूबाईंनी हुरडा खाल्ला तर त्या वेळची भाकरी कमी करायची, हे त्यांना आधीच समजावून ठेवा.

गुळाबद्दलही थोडं. ‘साखर बंद, गूळ चालतो’ हे मी रोज ऐकते. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी असतात, गुळात ३८० च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळाच्या चवीसाठी गूळ खा, डायबेटिसवर उतारा म्हणून खाऊ नका. तिळाचा लाडू सुपारीएवढा वळा, सुवासिनींना वाटायलाही तोच शोभून दिसतो. शेंगापोळीत दाणे, गूळ आणि वरून तूप असतं. ती एक पोळी म्हणजे एक जेवण, असं धरा आणि त्याबरोबर भात घेऊ नका. बाजारात ‘शुगर फ्री’, ‘डाएट’ म्हणून विकला जाणारा फराळ तर मला अजिबात आवडत नाही. बेक केलेल्या शंकरपाळीत मैदा, तूप आणि साखर तेवढीच राहते, फक्त तळणीचं तेल वाचतं. आणि ‘हेल्दी आहे’ म्हणून माणूस दुप्पट खातो. बेसनाचा खरा लाडू, तुपात खमंग भाजलेला, एक घ्या, खाली बसून खा, दोन घासांत संपवू नका. त्यानं जे समाधान मिळतं ते चार नकली लाडवांनी मिळत नाही.

चालण्याकडे वळते. सोलापूर ते तुळजापूर अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. कोजागिरीला तुम्ही ते चालून जाता, म्हणजे पायांत ताकद आहे, मनात जोर आहे, सोबतीला गल्लीतल्या बायकाही आहेत. पण शरीर एका रात्रीचं चालणं महिनाभर जपून ठेवत नाही. चालल्यानं स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागतात, त्याचा परिणाम साधारण एक-दोन दिवस राहतो. मग पुन्हा चालावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगते. ही १५० मिनिटं सणांत एकसलग मिळणार नाहीत, ते मी जाणते. पहाटे कंबर तलावावर किंवा हुतात्मा बागेत जायला जमलं तर उत्तमच, पण फराळाच्या दिवसांत पहाट तुमच्या हातात नसते.

म्हणून जेवणानंतरचं चालणं धरा. जेवून हात धुतले की दहा-पंधरा मिनिटं. गच्चीवर, कॉलनीतल्या रस्त्यावर, पाहुणे असतील तर त्यांना घेऊन. जेवणानंतर तासा-दीड तासात साखर सर्वांत वर जाते आणि नेमक्या त्या वेळी पाय चालते असले की ती कमी चढते. तुमच्यासारख्या काठावरच्या माणसाला सकाळच्या एका लांब फेरीइतकाच, कधी जास्तच, याचा उपयोग होतो. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं झाली की आठवड्याचे दोनशेच्या वर होतात. शाळेच्या दिवशी दुपारी मैदानाला एक फेरी मारता येईल. तुळजापूरला बरोबर येणाऱ्या बायकांचा ग्रुप फोनवर असेलच, रात्री नऊला सगळ्यांनी खाली उतरायचं, एवढाच एक निरोप त्यावर टाका. एकटीचं चालणं पाहुण्यांपुढे हरतं, चौघींचं सहसा हरत नाही.

ताकदीसाठी जिमची वाट पाहू नका. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. ओट्याला हात टेकून तिरके दंड. पायऱ्यांवर टाचा वर-खाली. आठवड्यातून दोनदा. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि साखर साठवायची मुख्य जागा तेच असतात. ‘मी दिवसभर उभीच असते’ असं तुम्हाला म्हणावंसं वाटेल. उभं राहून पाय सुजतात, कंबर धरते, दमणूक पूर्ण होते, पण दम लागण्याइतका व्यायाम त्यात होत नाही. तुमचे कष्ट मी कमी लेखत नाही. उलट ते कमी व्हायला हवेत असं माझं म्हणणं आहे.

कारण झोप. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शाळा करून रात्री एकपर्यंत तळण, पहाटे अभ्यंगस्नानाची तयारी, मग पाहुणे. चार-पाच तासांची झोप आठवडाभर झाली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच हवंसं वाटतं, भूक वाढते, इन्सुलिनचं कामही बिघडतं. याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. तळण सुट्टीच्या दिवशी सकाळी काढा आणि रात्री दहानंतर गॅस बंद, असा घराचा नियम करा. मिस्टरांनी पोहे चाळायचे, शेंगदाणे सोलायचे, मुलांनी शंकरपाळ्या कातायच्या. नसेल जमत तर एखादा प्रकार ओळखीच्या बचत गटाकडून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आग्रहाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते येणारच. भाऊबीजेला चार घरं, हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंत आठवड्याला दोन. ‘डायबेटिस होईल’ असं सांगितलं की समोरची म्हणते, ‘एकानं काही होत नाही.’ वाद घालू नका. ‘डब्यात द्या वहिनी, घरी सगळ्यांबरोबर खाते’ म्हणा आणि खरंच घरी घेऊन जा. त्यांचा मान राहतो, तुमचंही राहतं. खरा धोका चहाचा आहे. कपाला दीड चमचा साखर धरली तर सहा कपांत ३६ ते ४५ ग्रॅम साखर गेली. दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ च्या आत आली तर जास्त चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. घरात पाहुण्यांबरोबर तुम्ही दर वेळी कप घेता, तो बिनसाखरेचा घ्या. दहा-बारा दिवसांत जिभेला सवय होते. कुणाच्या घरी गेलात तर अर्धा कप.

सासूबाईंची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. त्यांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवून विचारा की यांत ग्लिमेपिराइडसारखी, साखर एकदम खाली नेऊ शकणारी गोळी आहे का. असेल तर मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपाशी पोटी ती घेणं धोक्याचं आहे. त्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या, स्वतःच्या मनानं बंदही करू नका. दिवसभर कडक उपास आणि संध्याकाळी नैवेद्याच्या दोन पुरणपोळ्या, हे त्यांच्या शरीराला सोसणारं नाही. ताक, राजगिऱ्याची भाकरी, भाजी, मूठभर दाणे, थोडं फळ असं तीनदा खाऊन गुरुवार धरता येतो, संध्याकाळी नैवेद्याची अर्धी पोळी. घाम, थरथर, चक्कर, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि त्यांचे पाय. बरीच वर्षं डायबेटिस असलेल्या कितीतरी लोकांच्या तळव्यांची जाणीव कमी झालेली असते आणि त्यांना ते ठाऊक नसतं. काच टोचली तरी कळत नाही. बाळीवेशीपासून निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत नंदीध्वज गावभर फिरतात, गर्दी, खडी, उन्हात तापलेला डांबरी रस्ता, त्यात अनवाणी. श्रद्धा त्यांची आहे, तिला मी हात लावणार नाही. पण त्यांना प्रेमानं सांगा की मिरवणुकीत मऊ, बंद चप्पल घालून चालायचं आणि संमती कट्ट्यापाशी, सिद्धेश्वरांच्या विवाहसोहळ्यातल्या अक्षतांच्या वेळी ती पिशवीत ठेवायची. घरी आल्यावर पाय कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आरसा धरून तळवे बघा. पाणी किती गरम आहे ते तुमच्या हातानं पाहा, त्यांच्या पायानं नको. फोड, चीर, लालसर डाग दिसला तर हळद, चुना, राख काही लावायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

मिस्टरांचा प्रश्न मिठाचा आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ सगळं मिळून. चिवडा, फरसाण, पापड, लोणचं, चटणी हे सगळं खारट आणि त्यांना बहुतेक यांतलंच काही आवडत असणार. त्यांच्या ताटात पापड असेल तर लोणचं नको, एवढं एक धरलं तरी फरक पडेल. बीपीची गोळी प्रवासात आणि यात्रेच्या दिवसांत हमखास चुकते, ती ब्रशच्या डब्याशेजारी ठेवा. थंडीत पहाटे बीपी चढतो, म्हणून भल्या पहाटे अचानक जोराचं चालणं त्यांनी सुरू करू नये, ऊन वर आल्यावर जावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम आला तर ‘तळलेल्यानं अॅसिडिटी झाली’ म्हणून सोडा पीत बसू नका, वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा.

होम मैदानावर गड्ड्यात जाताना घरून पाण्याची बाटली न्या. समोर कढईतून निघालेलं गरम भजं-वडा एखादा खाल्लात तर हरकत नाही, पण कापून उघड्यावर ठेवलेली फळं आणि बर्फाचं सरबत मुलांनाही देऊ नका. शोभेच्या दारूकामाच्या रात्री घरात कुणाला दमा असेल तर लांबून बघा.

शेवटी तुमच्या रिपोर्टबद्दल. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून डायबेटिस. चेन्नईत झालेल्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात या पायरीवरच्या भारतीय लोकांनी खाणं आणि चालणं सुधारलं, तेव्हा डायबेटिस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. म्हणजे इथून मागे फिरता येतं. दिवाळीआधी तुमचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेमुळे अॅनिमिया असेल तर एचबीए१सी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि तुमच्या वयात पाळीमुळे ही कमतरता बायकांमध्ये बरीच असते. बरोबर उपाशीपोटीची साखर करा. शिवणाच्या टेपनं बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात. वजन आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी. किलोभर वाढलेलं दिसलं तर त्या आठवड्यात कुठला डबा ओट्यावर आला ते बघा, उपास करू नका.

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून ते फेब्रुवारीत पुन्हा करा, म्हणजे हा सगळा मोसम त्यात येईल. आकडा काय आला ते मला जरूर लिहा. सासूबाईंच्या पायांची तपासणी मात्र फेब्रुवारीपर्यंत ठेवू नका, ती याच आठवड्यात करून घ्या.